वेरूळ-अजिंठा परिसरात देशी पर्यटक वाढण्यामागची कारणे कोणती?

प्रश्न

वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, म्हणजे त्यांची कीर्ती नवी नाही. तरीही अलीकडे सलग सुट्ट्या आल्या की कैलास लेण्यासमोर देशी पर्यटकांची जी दाटी होते, तिच्यामागे नेमके काय आहे? या विषयावर अहवाल लिहीत असल्याने जाणकारांनी सविस्तर मत द्यावे, ही विनंती.

उत्तर १

माझ्या मते पहिले कारण रस्ता हेच आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यामुळे विदर्भातील कुटुंबाला स्वतःच्या गाडीने शनिवार-रविवारात हा परिसर पाहून परतणे शक्य झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे नांदेडपर्यंत वाढवलेल्या जालना-मुंबई वंदे भारतचीही त्यात भर पडली.

उत्तर २

रस्त्यामुळे येणे सोपे झाले, हे मान्य; परंतु माणसे मुळात घराबाहेर कशासाठी पडतात, हेही पाहायला हवे. शिर्डी, घृष्णेश्वर आणि खुलताबादचा भद्रा मारुती अशी देवदर्शनाची आखणी करून निघालेली कुटुंबे येथे फार मोठ्या संख्येने येतात. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून प्रवेश करावा लागतो. ते दर्शन आटोपून, कपाळावरचे गंध ओले असतानाच, मंडळी जवळच असलेल्या लेण्यांकडे वळतात आणि एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले कैलास पाहून थबकतात. या यात्रेकरूंना ‘खरे पर्यटक’ न मानण्याची आपल्याकडची सवय मला मनापासून खटकते, कारण लेण्यांशी त्यांचे नातेही तितकेच खरे आहे.

उत्तर ३

वरील दोन्ही मुद्दे वेरूळला लागू पडतात, अजिंठ्याला तितकेसे नाहीत. अजिंठा छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, वाटेत घृष्णेश्वरासारखे ज्योतिर्लिंग नाही, आणि फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढचे अंतर एसटीच्या बसने जावे लागते. शिवाय वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असल्याने, दोन दिवसांची सवड काढून आलेल्यांचे एक ठिकाण अनेकदा हुकते. म्हणून अहवालात दोन्ही ठिकाणांचे आकडे वेगळे मांडावेत. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नसल्याने, हिवाळ्यातील शालेय सहली केवळ तिकीटविक्रीच्या आकड्यांत पुरेशा दिसणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.