उपकरण बसवताना चूक झाली आणि घराचं नुकसान झालं: भरपाई मागितलीत का? काय हाती लागलं?

काल शेजारी डिशवॉशर बसवायला माणूस आला होता. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "झालं मॅडम, इथे सही करा." माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. हातातलं काम टाकून धावत गेले आणि म्हटलं, थांबा, सही करू नका, आधी एक सायकल पूर्ण चालवा आणि मागे टॉर्च मारून बघा. त्या गोंधळल्याच. मग त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे वॉशिंग मशीन बसवलं. वीस मिनिटांत काम उरकलं, मी सही केली. पाणी आत येतं त्या पाइपचं नट आट्यांवर तिरकं चढवलं होतं आणि आतला रबरी वॉशर दुमडला होता. गळती इतकी बारीक की टपटप ऐकूही येईना. पाणी पाइपच्या अंगाने उतरून भिंतीत, आणि भिंतीतून पलीकडच्या खोलीतल्या कपाटाखाली. सात आठवडे हे चाललं होतं. कळलं ते वासाने. कपाटाचा खालचा कप्पा ओढला तर मागची प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात सुटून आली. त्या कप्प्यात माझ्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या चार वह्या होत्या. पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला डाग, तो वेगळाच.

कंपनीचं पहिलं उत्तर होतं, "पाइप मोफत बदलून देतो." बदललाही. कपाटाचं विचारलं तर म्हणे नळ तुमचा, आमची जबाबदारी मशीनपुरती. चार महिने आणि अकरा ईमेल लागले. शेवटी कपाटाची घसारा वजा करून रक्कम, खालच्यांच्या छताची रंगरंगोटी आणि बाहेर धुतलेल्या कपड्यांच्या पावत्या एवढं मिळालं. वह्यांचं काहीच नाही. वह्यांना किंमत नसते म्हणाले.

मी नवीन मशीन कधीच मागितलं नव्हतं. त्यांच्या हातून जे मोडलं तेवढंच मागत होते. तुमचेही अनुभव लिहा.

—

वह्यांचं वाचून गलबलून आलं ताई.

—

एसी. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, तीन वर्षं. दर वेळी एकच वाक्य, "गॅस संपला." चौथ्या वर्षी दुसरा माणूस आला. त्याने पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे दाखवले. म्हणाला, साहेब, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत तो फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. जोडाखाली तेलकट डागही होता, मी रोज बघत होतो, धूळ समजायचो. बसवतानाच फ्लेअर, म्हणजे जोडासाठी रुंद केलेलं पाइपचं तोंड, नीट बसली नव्हती. त्याच्याकडून तसं लेटरहेडवर लिहून घेतलं आणि तिन्ही वेळच्या गॅसच्या बिलांसकट पाठवलं. दोन बिलांचे पैसे परत आले. पहिल्या वर्षाचं बिलच सापडेना.

मुलीला क्लासला सोडायचंय, बाकीचं नंतर.

—

आमचं मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत यायचं!! धुवायला लावलं की घरभर धडधड. तीन आठवडे सोसलं. मग मावशी आली आणि मागे बघून म्हणाली, अगं हे बोल्ट काढलेच नाहीत.

—

वरच्या ताई, ते ट्रान्झिट बोल्ट. मी स्वतः इन्स्टॉलेशनची कामं करतो म्हणून लिहितो. फ्रंट लोडचा ड्रम आत स्प्रिंग आणि शॉकरवर लटकलेला असतो. वाहतुकीत आपटू नये म्हणून मागून तीन-चार बोल्टांनी आवळलेला येतो. बोल्ट न काढता स्पिन लावला तर सगळा हादरा बॉडीवर आणि बेअरिंगवर जातो. तीन आठवडे चाललं असेल तर नुसते बोल्ट काढून "आता ठीक आहे" यावर सोडू नका. बेअरिंग आणि शॉकर तपासून रिपोर्टवर लिहून घ्या, आवाज सहा महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. आणि ते बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

आमची बाजूही सांगतो. आम्हाला नगावर पैसे मिळतात. दिवसाला आठ कॉल दिले की माणूस घाई करतो, हे खरं आहे. पण घाईची किंमत गिऱ्हाईकाने का भरायची? माझ्या हातून एकदा ड्रेन पाइप खाली राहिला होता. बहुतेक मॅन्युअलमध्ये तो जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंमी उंच ठेवायला सांगतात. खाली राहिला तर सायफन होऊन पाणी भरता भरताच निघून जातं, मशीन भरतच राहतं. त्या काकूंचं पाणी दोन दिवस वाहिलं. मी कंपनीला माझी चूक लिहून दिली, तेव्हा त्यांचं काम पटकन झालं. लिहून देणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

—

दादा, असं लिहून देणारे किती असतात? मनापासून धन्यवाद.

—

धागाकर्त्या ताई, वह्या टाकल्या नाहीत ना? मी ग्रंथालयात होते. कागद ओला असताना सापडला तर फ्रीझरमध्ये ठेवायचा. ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, गोठवलं की ती थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. आता वाळून चिकटल्यात म्हणजे ओढू बिलकूल नका. शाई कुठली आहे? बॉलपेन असेल तर आशा आहे, फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते. कागद जतन करणारे लोक दमट हवेत हळूहळू मऊ करून एकेक पान सोडवतात.

—

नाही टाकल्या. बॉलपेन आहे, एका वहीत मात्र निळी शाई. विचारते कुणाला तरी. तुम्ही लिहिलंत म्हणून काल रात्री डबा काढला. सहा वर्षांत उघडला नव्हता.

—

गीझर पडला आमचा. भिंत पोकळ विटेची आणि बसवणाऱ्याने साधे प्लग ठोकले होते. 25 लिटरचा गीझर म्हणजे नुसतं पाणीच 25 किलो, वर टाकीचं वजन. पहाटे चार वाजता पडला. पाऊण तासाने सासरे अंघोळीला जाणार होते. अजून हात थरथरतात लिहिताना.

नवीन गीझर लगेच दिला. भांडण झालं टाइल्सवरून. फुटल्या पाच, पण त्या डिझाइनच्या आता बाजारात येतच नाहीत. ते म्हणाले पाच टाइल्सचे पैसे घ्या. मी म्हटलं, निम्मी भिंत वेगळ्या रंगाची घेऊन आयुष्यभर बघत बसू का? कुणाला वाटतं मी जास्त मागितलं?

—

अजिबात जास्त नाही. भिंत आधी जशी होती तशी करून देणं ही भरपाई.

—

मला थोडं वेगळं वाटतं. पूर्ण बाथरूम मागणं जास्त झालं असतं, एक भिंत रास्त आहे. माझं कपाट आठ वर्षांचं होतं, तर घसारा मी मान्य केला. पण ज्यांनी घसारा लावला त्यांनी माझ्या सहा सुट्ट्या शून्य धरल्या, ते मात्र अजून पचलेलं नाही.

—

आम्ही टाइल्स बदलल्या तेव्हा करडा रंग घेतला, त्यावर पाण्याचे डाग फार दिसतात. कुणी फिकट रंग वापरलाय का?

—

करडा नको, मातकट घ्या. क्षारांचे डाग लपतात. ग्राउटही त्याच रंगाचं घ्या.

—

गॅस गीझरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बंद बाथरूममध्ये बसवून दिला. धूर बाहेर जायला वाट नव्हती. माझी नणंद अंघोळीत चक्कर येऊन पडली, दार तोडून काढलं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड झालं, मळमळलं की लगेच बाहेर पडायचं, एवढंच आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. ती वाचली. दवाखान्याचा खर्च मागितला तर म्हणाले खिडकी उघडी ठेवायला हवी होती. त्या बाथरूमला खिडकीच नाही. बसवणाऱ्याने ती भिंत डोळ्यांनी पाहिली होती.

आम्ही दवाखान्याची कागदं, बाथरूमचे फोटो आणि मॅन्युअलमधलं हवा खेळती ठेवा असं लिहिलेलं पान, तिन्ही जोडून तक्रार केली. त्या पानाने निकाल फिरवला. त्यांच्याच पुस्तकातलं वाक्य होतं.

—

बापरे. नणंदबाई आता बऱ्या आहेत ना?

—

हो. पण बाथरूमची कडी लावत नाही ती अजून.

—

मी बरीच वर्षं ग्राहक मार्गदर्शनाचं काम केलं आहे, म्हणून या पोरींना आणि दादांना थोडं सांगतो. 15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड, आणि आपलं म्हणणं ऐकलं जाणं. म्हणून 15 मार्च जागतिक ग्राहक हक्क दिन. भरपाई त्या चारांत नव्हती. ती चळवळीने पुढे मागून घेतली, आणि 1985 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तक्रार निवारणाला जागा मिळाली. मागितल्याशिवाय ती तेव्हाही मिळाली नव्हती.

माझ्याकडे येणाऱ्यांची केस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडायची. पाणी आधी पुसलेलं, फोटो नंतर काढलेले. पाणी पुसायलाच हवं, नुकसान वाढू देणं आपल्याच अंगलट येतं. पण आधी दोन मिनिटं फोटो काढा, मग मुख्य नळ बंद करा, मग पुसा. तुटलेला नट, फाटलेला वॉशर पिशवीत घालून ठेवा. बदलायला आलेला माणूस जुना भाग घेऊन जातो आणि त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही जातो. फोनवर जे बोलाल ते त्याच दिवशी ईमेलने कळवा, "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून. आणि दुकान, कंपनी, एजन्सी एकमेकांकडे बोट दाखवतील तेव्हा तिघांनाही एकाच पत्रात घ्या.

—

काका, हे दोन वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. माझा जुना वॉशर तो माणूस खिशात घालून घेऊन गेला. मीच दिला उचलून.

—

मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंगच जोडलं नव्हतं. नुकसान काही झालं नाही, देवाची कृपा. त्यामुळे भरपाई नाही मागितली, पण वायरिंग दुरुस्त केल्याचे पैसे त्यांच्याकडून घेतले आणि वीज गळाली की लगेच बंद करणारा 30 मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवून घेतला. लहान मूल आहे घरात.

—

माझं प्रकरण अजून चालू आहे म्हणून विचारते. एसीच्या इनडोअर युनिटचा ड्रेन पाइप उलट्या उताराचा बसवला, पाणी आत साठून भिंतीवरून खाली टेबलावर, आणि मुलाचा कॉम्प्युटर गेला. दोन महिने पाठपुरावा करतेय. आज उत्तर आलं, "सदिच्छा म्हणून पुढच्या दोन सर्व्हिस मोफत." सोबत एक फॉर्म पाठवलाय, सही करून द्यायचा. मुलाची परीक्षा आहे, कॉम्प्युटर हवाय. जे मिळतंय ते घेऊन टाकू का?

—

ताई, सर्व्हिस घ्या किंवा नका घेऊ, पण फॉर्मच्या तळाला बघा. "पूर्ण व अंतिम तडजोड", म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असं काही लिहिलंय का?

—

थांबा, चष्मा आणते.

हो, लिहिलंय. अगदी बारीक अक्षरात.

—

मग आज सही नको. फॉर्मचा फोटो काढून ठेवा आणि उत्तरात कॉम्प्युटरचं बिल आणि दुरुस्तीवाल्याचा रिपोर्ट जोडा. मसुदा हवा असेल तर माझा अकराव्या वेळचा ईमेल पाठवते, नावं बदलून वापरा.