दार-ए-सलामच्या पलीकडे: म्त्वारा
काही जण म्हणतात की पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियात दार-ए-सलाम हे सर्वांत मोठं शहर सोडलं तर पैसा घालण्याजोगं काही नाही. मला पटत नाही. दक्षिणेचा म्त्वारा प्रांत बघा. खोल पाण्याचं बंदर आहे, म्नाझी बे या तिथल्या उपसागराजवळचा नैसर्गिक वायू आहे. पण खरा जीव काजूत. तिकडचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास, आपल्या कोकणातला मार्च-एप्रिलचा, म्हणून आपल्याकडचे कारखानदारही आफ्रिकी बी आणतात. बहुतेक बी न फोडताच भारत-व्हिएतनामला जाते. वाव आहे तो तिथेच फोडण्यात. (बीचा चीक हाताला लागला की सालपटं निघतात, त्यामुळे मजूर मिळणं सोपं नाही.) शेतकऱ्याच्या दारातून पोती उचलता येत नाहीत, सहकारी संस्थेच्या गोदामातला माल लिलावात घ्यावा लागतो. आणि २०१८ विसरू नका: व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून सरकारने सगळं पीक स्वतःच घ्यायचं ठरवून थेट लष्कर उतरवलं होतं.