कॅमेरा आठव्या दिवशी बंद पडला, ऊन आलं तरी उठेना

कोरडा_पाय

नमस्कार. ओढ्यावर एक बंधारा आहे आणि त्याच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी रंगवलेली आहे. ती पट्टी घरबसल्या वाचता यावी, एवढीच माझी गरज. आजवर त्यासाठी गाडीने दीड तास आणि पुढे वीस मिनिटं पायी जात होतो. निम्म्या वेळा ‘काही बदल नाही’ एवढंच बघून परत.

म्हणून सीमवर चालणारा कॅमेरा घेतला. ४ मेगापिक्सेल, आयपी६६, आत १०,००० एमएएचची बॅटरी आणि सोबत ६ वॅटचं सौर पॅनल. तिथे वीज नाही. नेटवर्कच्या दोन काड्या असतात, कधी एकच. लोखंडी खांब पुरून अडीच मीटर उंचीवर कॅमेरा बसवला. पाऊस, दगड, माकडं असा सगळ्यांचा विचार करून त्याच्याभोवती आणखी एक पेटी केली, समोर ५ मिमी जाडीचं पारदर्शक ॲक्रिलिक लावून. हालचाल दिसली की क्लिप घ्यायची असं सेटिंग आहे, संवेदनशीलता ‘हाय’.

पहिले सहा दिवस कडक ऊन होतं आणि सगळं झकास चाललं. दिवसाला तीनेकशे क्लिपा यायच्या, बहुतेक गवत हलतानाच्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी बॅटरी ६८ टक्के होती. मग आभाळ भरून आलं. आठव्या दिवशी दुपारी शेवटचा फोटो आला आणि नंतर शुकशुकाट. तीन दिवसांनी चांगलं ऊन पडलं, तरी कॅमेरा उठला नाही. शेवटी गेलो, बटण दाबलं, तर पठ्ठ्या लगेच सुरू!

दुसरं दुखणं रात्रीचं. दिवसा चित्र स्वच्छ, रात्री मात्र पांढरं धुकं आणि मधोमध गोल चकाकी. पट्टी दिसतच नाही.

कॅमेरा बदलून मागू, की मोठं पॅनल घेऊ?

तिसरी_खेप

दोन्ही नको. कॅमेरा धडधाकट आहे, तुम्ही त्याला झोपू देत नाही एवढंच.

आधी माझी ओळख म्हणून सांगतो. एका जुन्या तलावाच्या सांडव्यावर माझा कॅमेरा आहे, हे चौथं वर्ष. पहिल्या वर्षी तिथे अकरा खेपा झाल्या. त्यातली एकही कॅमेरा बिघडला म्हणून नव्हती. बॅटरी, पाणी, सीम, कोळी, आणि एकदा तर म्हशीने खांबाला अंग घासून कॅमेरा आकाशाकडे वळवला म्हणून. तेव्हापासून मी मेगापिक्सेल बघत नाही. या वस्तूमुळे माझी खेप वाढेल की वाचेल, एवढंच बघतो.

आता तुमचा हिशेब. १०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे साधारण ३७ वॅट-तास. ही तुमची शिल्लक. ६ वॅटचं पॅनल दिवसभर ६ वॅट देत नाही. भर उन्हाचे चार तास धरा आणि तारेत, चार्जिंगमध्ये जाणारं वजा करा, की हातात सतराच्या आसपास वॅट-तास पडतात. हे झालं उत्पन्न. आता खर्च. असा कॅमेरा झोपेत असताना नगण्य वीज खातो, समजा ०.२ वॅट, म्हणजे दिवसाला पाच. जागा झाला, नेटवर्क पकडलं आणि पाठवायला लागला की ४ वॅटच्या घरात जातो. एक क्लिप म्हणजे उठण्यापासून पुन्हा झोपेपर्यंत अर्धा मिनिट. अशा तीनशे क्लिपा म्हणजे अडीच तास जागरण, म्हणजेच दहा वॅट-तास. त्यात तुम्ही दिवसातून तासभर तरी लाइव्ह बघत असणार (नवा कॅमेरा कोण बघत नाही!), ते आणखी चार. एकूण एकोणीस.

सतरा मिळवून एकोणीस उडवताय. कडक उन्हातसुद्धा रोज दोनची तूट, सहा दिवसांत बारा. सदतीसातून बारा गेले, उरले पंचवीस, म्हणजे ६८ टक्के. तुमचाच आकडा. ढगाळ दिवशी पॅनलने तीन दिले तरी खूप, म्हणजे तूट सोळाची. सातव्या दिवशी रात्री शिल्लक नऊ, आठव्या दिवशी दुपारी शून्य. आकडे माझे अंदाजी आहेत, पण गोष्ट हीच.

यावर मोठं पॅनल हा उपाय वाटतो खरा. पण पट्टी वाचायला तुम्हाला गवताच्या तीनशे क्लिपा कशाला हव्यात? हालचालीचा सेन्सर बंद करा. तो हालचाल ओळखतच नाही, तो उष्णतेतला फरक ओळखतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की त्याला वाटतं कोणीतरी आलं. पाणी चढताना मात्र तो ढिम्म हलणार नाही. त्याऐवजी तासाला एक फोटो ठेवा. चोवीस फोटो, प्रत्येकी चाळीस सेकंद जागरण धरलं तरी दिवसाला एक वॅट-तास. झोपेचे पाच मिळून सहा. मग सलग आठवडाभर ढग राहिले तरी तुमची बॅटरी तग धरेल, तेही आहे त्याच पॅनलवर.

ऊन आल्यावर का उठला नाही, हे जास्त महत्त्वाचं. बॅटरी पार रिकामी झाल्यावर सकाळी थोडं ऊन येतं, व्होल्टेज जरा वर येतं आणि कॅमेरा उठायला बघतो. नेटवर्क शोधताना एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं, पुन्हा आडवा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. असं दिवसभर चालतं आणि कधीतरी तो मधल्याच अवस्थेत अडकून बसतो. माझ्याकडे १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, त्यामुळे कंट्रोलरमध्येच (पॅनल, बॅटरी आणि कॅमेरा यांच्यामधली डबी) सोय केली आहे: १२ व्होल्टला भार, म्हणजे कॅमेरा, तोडायचा, आणि १३ झाल्याशिवाय परत जोडायचा नाही. मधला एक व्होल्ट म्हणजे आजाऱ्याला उभं राहण्याआधी दोन घास खाऊ घालणं. तुमच्या कॅमेऱ्यात बॅटरी आतच आहे, त्यामुळे ही सोय बाहेरून करता येणार नाही. तुमच्यासाठी एकच मार्ग, त्याला उपाशी पडू न देणं. आणि सीमचा पिन लॉक (सुरू होताना सीम आकडा मागते तो) काढलाय ना? फोनमध्ये घालून एकदा बघा. मी त्यापायी एक खेप घातली आहे.

रात्रीचं धुकं म्हणजे तुमची जास्तीची काळजी. ते ॲक्रिलिक काढा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या भोवती असतात, त्यांचा उजेड ॲक्रिलिकवर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो. आयपी६६ मधला पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा सहा म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा सोसतो. पावसासाठी तेवढं पुरे. वर नुसतं छप्पर ठेवा, तेही असं की त्याची कड दिव्यांच्या उजेडात येणार नाही.

रात्रपाळी

वरच्या हिशेबात एक भर. एक काडी असलेल्या जागी तोच फोटो पाठवायला रेडिओ जास्त जोर लावतो आणि जास्त वेळ जागा राहतो. काड्यांवर विश्वास ठेवू नका, ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो बघा. उणे ९५ डीबीएमच्या आसपास निवांत काम चालतं, उणे ११५ च्या पलीकडे रडारड. बाहेरून लावायचा अँटेना असेल तर तो दोन मीटर वर चढवून बघा. माझ्याकडे तेवढ्यानेच काम झालं, पॅनलला हात लावावा लागला नाही.

डेटाचंही बघा. २ एमबीपीएसचं लाइव्ह म्हणजे तासाला ९०० एमबी. तेच कमी दर्जाच्या प्रवाहावर, ३०० केबीपीएसला, १३५ एमबी. पट्टी वाचायला फोटोच बरा.

आणखी एक, कारण पुढे कोणीतरी हे विचारणारच. मोबाइल सीमवर बाहेरून थेट कॅमेऱ्यात शिरायला ‘पोर्ट उघडा’ (म्हणजे इंटरनेटवरून आत यायला दार उघडं ठेवा) असे सल्ले मिळतील. बहुतेक सीमना इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच, हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे ते चालणार नाही. आणि चाललं तर जास्त वाईट. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते कंपनीने घातलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. पासवर्ड बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) घरीच अपडेट करून मग न्या. पुढेमागे वेगळा राऊटर लावलात तर त्यानेच आतून बाहेर वायरगार्डचा (हा व्हीपीएनचा एक प्रकार) बोगदा, म्हणजे घरापर्यंतची खासगी जोडणी, काढू द्या, आणि दर २५ सेकंदांनी एक टिचकी मारत राहायचं सेटिंग ठेवा, नाहीतर बोगदा उघडा दिसतो पण पलीकडून हाक ऐकू येत नाही.

गवत_आणि_वारा

मला कळत नाही, एवढं सगळं कशाला? वन्यप्राण्यांसाठी वापरतात तो साधा ट्रेल कॅमेरा लावा, लिथियमचे एए सेल घाला, तासाला एक फोटो. ना पॅनल, ना तार. मी झाडाला एक बांधलाय, पाच महिने झाले, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त अल्कलाइन सेल नकोत, थंडीत त्यांचा जीव जातो आणि व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं की रात्रीचे फोटो आधी मरतात.

तिसरी_खेप

@गवत_आणि_वारा, तुमचं म्हणणं पटतं, नवीन घ्यायचा असता तर मीही विचार केला असता. पण त्यांना पाणी चढताना मिनिटभर लाइव्ह बघायचं असणार, आणि हातात कॅमेरा आहेच.

@कोरडा_पाय, पेटी काढताना केबलकडेही बघा. माझी पेटी एकदा आतून ओली निघाली. वरून थेंब नाही, रबर शाबूत. पाणी केबलीच्या आवरणाच्या आतून चढत आलं होतं, पॅनलकडच्या टोकाला आवरण सोललेलं होतं तिथून. तेव्हापासून प्रत्येक केबल पेटीत खालून शिरते आणि शिरण्याआधी तिला झोळ देतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. पेटी अगदी हवाबंदही करू नका. दिवसा तापते, संध्याकाळी गार पडताना ओली हवा आत ओढते आणि ती तिथेच साचते. तळाला एक बारीक भोक, त्यावर बारीक जाळी.

रात्री पट्टीवर चमकणारं स्टिकर लावायचा मोह होईल. लावू नका, इन्फ्रारेडमध्ये ते नुसतं पांढरं भगभगतं. साधा मॅट रंग, पांढऱ्यावर काळे आकडे. शांत पाणी रात्री आपोआप काळंच दिसतं, कारण दिव्यांचा उजेड आरशावरून निसटावा तसा पुढे निघून जातो. त्यामुळे पाण्याची कड छान कळते.

आणि परत लावण्याआधी दोन आठवडे घराबाहेर चालवा. तिथे जसा असेल तसाच, भिंतीतल्या प्लगला हात न लावता. पॅनलवर दोन दिवस चादर टाका आणि काय होतं ते बघा.

कोरडा_पाय

उशिरा उत्तर देतोय, दोन आठवडे सांगितल्याप्रमाणे अंगणात चालवत होतो.

ॲक्रिलिक काढलं आणि धुकं गेलं. एवढ्यासाठी मी कॅमेरा परत पाठवणार होतो. हालचालीचा सेन्सर बंद, तासाला फोटो. चादर टाकून दोन दिवस ठेवला, बॅटरी ३४ टक्क्यांनी उतरली! हिशेबाच्या जरा वरचा आकडा, म्हणून शोधाशोध केली तर गुन्हेगार घरातच. ॲप मी चौघांना दिलं होतं. भाऊ सकाळी चहा पिताना लाइव्ह लावतो आणि फोन तसाच टेबलावर ठेवून पेपर वाचतो. कॅमेऱ्यासमोर अंगणातली चप्पल, आणि हा ती लाइव्ह बघतोय. आता ॲप माझ्या एकट्याकडे आहे, बाकीच्यांना ताशी फोटो ग्रुपवर मिळतो. पुढच्या दोन दिवसांत चादरीखाली तेरा टक्के उतरली.

तिसरी_खेप

दिवसाला सहा टक्क्यांच्या वर, म्हणजे अडीच वॅट-तासांच्या खाली. माझा झोपेचा अंदाज चढाच होता म्हणायचा. चढवा खांबावर. आणि चढवलात की लगेच निघू नका, तिथेच अर्धा तास बसा आणि दोन फोटो फोनवर आल्याशिवाय हलू नका. त्यासाठी तेवढ्यापुरती वेळ पंधरा मिनिटांवर ठेवा, निघताना परत तासावर आणा. मी एकदा परत आणायला विसरलो होतो, पण ते घरून करता आलं.

कोरडा_पाय

लावून एकोणीस दिवस झाले. मध्ये चार दिवस सलग ढग होते, बॅटरी ८१ च्या खाली गेली नाही. परवा रात्री पाणी चढलं. दहाच्या फोटोत ०.९ मीटर, अकराला १.१, बाराला १.४, आणि काळ्या पाण्यावर पांढरी पट्टी इतकी स्पष्ट की आकडे झोपेतसुद्धा वाचले. एकदाच लाइव्ह उघडलं, दोन मिनिटं, ओंडका अडकलाय का ते बघायला. नव्हता.

कालपासून मात्र चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक काळी रेघ वरखाली फिरते. आधी वाटलं लेन्स गेली. झूम करून बघितलं तर मुंग्या, छपराखाली बिऱ्हाड थाटलंय आणि लेन्सवरून येजा चालू आहे. पॅनलच्या तारेचा जोड ज्या डबीत आहे, तिच्या तळाला भोक पाडलं होतं, जाळी लावायची राहिली, बहुधा तिथूनच वर चढल्या. रविवारी जातो.

तिसरी_खेप

जाताना खांबाच्या बुडाशी ग्रीसचा एक पट्टा मारा, वीतभर रुंद. आणि पॅनलची केबल कुठे गवताला टेकते का तेही बघा, नाहीतर त्या ग्रीस सोडून केबलवरून येतील.