मदत हवी आहे : छोट्या रीफ टाकीसाठी लाकडी लाईट हूड (जळगाव)

टाकी समुद्री प्रवाळांची (रीफ), खाऱ्या पाण्याची, २४×१४×१४ इंच, निव्वळ पाणी साधारण ६५ लिटर. आत मशरूम, झोआ आणि लेदर कोरल, म्हणजे मऊ प्रवाळाच्या जाती. टाकी दिवाणखान्यात असल्याने हूड (दिवे बसवायचे वरचे झाकण) देखणा हवा: १२ एमएम प्लाय, वर सागवानी विनियर, पितळी बिजागऱ्या. प्रकाशासाठी ३ वॉटचे १२ एलईडी. सुतार चारही बाजूंनी बंद पेटी करू म्हणतो. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ ला टेकतो, खोलीत एसी नाही, फक्त कूलर. हूड कसा करावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

भाऊ, सगळ्यात आधी पितळी बिजागऱ्या रद्द करा. पितळेत तांबं असतं. खारट वाफेने ते हिरवं पडतं आणि त्याचा थेंब पाण्यात गेला की कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळ्यांना विष. ३१६ स्टेनलेस घ्या किंवा प्लास्टिकच्या. स्क्रूसुद्धा ३१६ चेच, आणि टोक आतल्या बाजूला बाहेर येऊ देऊ नका.

प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन ग्रेडचा. फुगतो तो पृष्ठभाग नव्हे, कापलेली कड. म्हणून प्रत्येक कडेला सागवानी लिपिंग पट्टी, आणि खालच्या कडेला पट्टी ठोकायच्या आधी इपॉक्सीचा हात. धुळे-नंदुरबारकडे चांगलं सागवान मिळतं, पट्ट्या त्याच्याच काढा. विनियरचं सौंदर्य या पट्ट्यांनीच खुलतं. बाहेरून पीयू पॉलिशचे तीन हात, आतून पांढरा इपॉक्सी रंग. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, टाकीवर ठेवू नका.

प्रतिसाद २

बंद पेटी आपल्याकडे चालणारच नाही. मागची फळी काढूनच टाका, भिंतीकडची बाजू कुणाला दिसत नाही. हूडची उंची ९ इंच घ्या, म्हणजे एलईडी पाण्यापासून ७-८ इंच वर राहतील. एलईडीखाली ४ एमएम ॲक्रिलिक, कडा न्यूट्रल सिलिकॉनने बंद. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांब्याच्या तारा खातं.

आता पंखे. एक १२ व्होल्टचा पंखा हीटसिंकला (एलईडीची उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी). तो बाहेरची हवा आत ढकलणारा लावा. हवा बाहेर ओढणारा लावला तर खारट दमट हवा त्याच्यातूनच जाते आणि काही महिन्यांत बेअरिंग खरखरायला लागतं. दुसरा पंखा ॲक्रिलिकच्या खाली, पाण्यावर तिरका. खान्देशातली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी २ ते ४ अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा फरक इतका पडत नाही. कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीच दमट होते. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज फक्त आरओचं गोडं पाणी. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर धरा.

धागाकर्ता

एलईडीची जोडणी कशी? १२ व्होल्टचा ॲडॅप्टर पडलेला आहे.

प्रतिसाद ३

तो पंख्यांना वापरा, एलईडीला नको. एलईडीला ७०० मिलीअँपिअरचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे विद्युतप्रवाह कायम एकसारखा ठेवणारा, लागतो. ८ रॉयल ब्लू (४५० नॅनोमीटर) एका मालिकेत, साधारण २६-२७ व्होल्ट. ४ पांढरे (६५०० केल्विन) दुसरीत, साधारण १३ व्होल्ट. दोन ड्रायव्हर, दोन टायमर. मालिकेतला एक एलईडी गेला तर ती अख्खी मालिका विझते, म्हणून दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा. हीटसिंक १२×६ इंच, एलईडी आणि त्याच्या मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. जाड थर लावला तर उष्णता अडते.

ड्रायव्हर हूडमध्ये नको, भिंतीवर. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटात शिरणार नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. टायमर बॅटरीचा घ्या, साधा वीज गेली की तेवढा मागे पडतो. पाण्यावरचा पंखा मात्र इन्व्हर्टरवर.

पहिल्या आठवड्यात रोज ४ तास, मग दर आठवड्याला एक तास वाढवत ८ वर थांबा. एकदम पूर्ण प्रकाश दिला तर मशरूम आक्रसतात, पांढरे पडतात. तुमच्या जातींना एवढा प्रकाश भरपूर आहे. दगडी प्रवाळासाठी वाढवायचा विचार असेल तर सोडा, ते वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत.

ॲक्रिलिक दर आठवड्याला आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने पुसा. मिठाचा थर साचला की प्रकाश हळूहळू उतरतो आणि डोळ्यांना ते कळत नाही.