मदत हवी आहे: बॅटरी नक्की किती चार्ज आहे ते कसं बघता?
लाईट कनेक्शन नाही, सगळं सोलरवर. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) लेड अ‍ॅसिड बॅटरी आहे, सोलरचा चार्ज कंट्रोलर नुसतं व्होल्टेज बघून टक्के दाखवतो त्यामुळे दुपारी उन्हात १०० आणि संध्याकाळी पंप लावला की डायरेक्ट ४०, बंद केला की परत ७०, विश्वास कशावर ठेवायचा? दोन-तीन तास काही न जोडता ठेवली तर १२.७ म्हणजे फुल, १२.२ला साधारण निम्मी हे माहितीये, पण तेवढा वेळ सगळं बंद ठेवलं तर घरचे मलाच बंद करतील. म्हणून शंटवाला मीटर घेतोय (शंट म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये बसणारा छोटा रोध, त्यातून आत-बाहेर जाणारा करंट मोजून मीटर चार्ज सांगतो). इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर सध्या थेट बॅटरीला आहे, ती पण शंटच्या पलीकडे घ्यावी लागेल ना, नाहीतर तो करंट मोजलाच जाणार नाही? आणि जुन्या बॅटरीला मीटरमध्ये एएच कमी करून टाकता का?