गोव्यातील फोंडा नगरपालिकेची हद्द शेजारच्या कुर्टी आणि बांदोडा या पंचायतींपर्यंत वाढवावी का?

अंत्रुजकार (फोंडा शहर)

वरच्या बाजारातून कुर्टीच्या दिशेने चालत निघालेल्या माणसाला पालिकेची हद्द कुठे संपली आणि पंचायतीची कुठे लागली, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुकानांची रांग तीच, सदनिकांच्या इमारती तशाच आणि पावसात तुंबणारे गटारही एकच. फरक इतकाच की गटाराचा अलीकडचा भाग पालिकेचे कामगार उपसतात आणि पलीकडचा भाग पंचायतीला ठेकेदार मिळेल तेव्हा साफ होतो. पाण्याला हद्द ठाऊक नसल्यामुळे पलीकडे अडलेला गाळ आमच्या दारात येतो.

२०११ च्या जनगणनेत फोंडा पालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेबावीस हजार होती. कागदावर एवढेच शहर. प्रत्यक्षात या शहराचा बाजार, बसस्थानक, शाळा आणि दवाखाने संपूर्ण तालुका वापरतो. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुले, कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींतील कामगार, कुर्टीच्या नव्या इमारतींतील कुटुंबे, सगळ्यांचा राबता इथेच असतो. त्यांनी यावे, शहर त्यांच्यावरच जगते. परंतु बाजारातला कचरा उचलण्याचा, रस्त्यावरच्या गर्दीचा आणि पार्किंगचा भार पंधरा प्रभागांच्या घरपट्टीवर पडतो, आणि नव्या वाढीतून येणारी घरपट्टी व बांधकाम परवान्यांचे शुल्क मात्र हद्दीबाहेर जमा होते.

ही अडचण एकट्या फोंड्याची नाही. २०११ मध्ये गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी म्हणून नोंदली गेली आणि राज्यात एकूण ७० शहरे मोजली गेली. त्यांपैकी फक्त १४ ठिकाणी पालिका किंवा महानगरपालिका होती. उरलेली ५६ ही जनगणना शहरे, म्हणजे पाच हजारांहून अधिक वस्ती, दाट लोकसंख्या आणि शेतीबाहेर काम करणारे बहुसंख्य पुरुष असलेली, तरीही पंचायतीच्या कारभाराखाली राहिलेली गावे. कुर्टी आणि बांदोडा त्यांतच मोडतात. एक सचिव आणि दोन-तीन कारकून असलेल्या कार्यालयाने बहुमजली इमारतींना परवाने द्यावेत, त्यांच्या सेप्टिक टँकवर लक्ष ठेवावे आणि विहिरींचे पाणी दूषित होऊ नये याची काळजी घ्यावी, ही अपेक्षा त्या कर्मचाऱ्यांवरही अन्याय करणारी आहे. पालिकेकडे अभियंता असतो, मुख्याधिकारी असतो, स्वच्छता निरीक्षक असतो. जे प्रत्यक्षात शहर झाले आहे त्याला शहराचा कारभार मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खांडेपारचा शेजारी (कुर्टी-खांडेपार)

अंत्रुजकार बाब, आपण मांडलेली गटाराची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल आमच्या पंचायतीने लाज बाळगली पाहिजे, हे मी आधीच मान्य करतो. तरीही आपल्या मागणीला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण भावनिक नसून व्यवहाराचे आहे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिले आहेत आणि त्यांत पाणीपुरवठाही आहे. गोव्यात मात्र नळाचे पाणी सरकारी खाते देते, वीज सरकारी खाते देते, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, इस्पितळ आरोग्य खात्याचे आणि बस सरकारी कदंब महामंडळाची किंवा खासगी मालकाची. पालिकेच्या हाती मुख्यतः कचरा, गटारे, बाजार, परवाने आणि घरपट्टी एवढेच उरते. म्हणजे हद्द वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला एक थेंबही जास्त येणार नाही. ओपाचा जलप्रकल्प आमच्याच खांडेपारात आहे आणि इथले पाणी पणजीपर्यंत जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथली मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा पणजी आणि फोंडा दोन्ही शहरे काही दिवस कोरडी पडली होती. त्या वेळी पणजी महानगरपालिका असूनही तिला टँकरचीच वाट पाहावी लागली. पालिकेचे नाव लागल्याने पाणी येते, हा समज त्या आठवड्यात ज्याने बादल्या वाहिल्या त्याच्या मनात तरी उरलेला नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पंचायतीत आम्हाला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला इमारतीचा परवाना कोणत्या आधारावर दिला हे विचारू शकतो आणि उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. पालिकेत असे काही नाही. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांसाठी, आणि गोव्यात एवढे मोठे शहरच नाही. पालिका क्षेत्रात गेल्यावर मी पाच वर्षांतून एकदा मत देणार आणि एरवी नगरसेवकाच्या घरी जाऊन विनंती करणार. नागरिक म्हणून माझे स्थान त्यामुळे खाली येते.

विलीनीकरण हा शब्द गोव्यात जपून वापरावा लागतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या आजोबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, शिक्का मारला होता. त्यांची बाजू ३४,०२१ मतांनी हरली आणि त्याचे दुःख त्यांना शेवटपर्यंत होते, पण आम्हाला विचारले होते, असे ते नेहमी म्हणत. इथे कोण विचारणार आहे? हद्द ठरवण्याचा अधिकार सरकारचा. अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि त्या फायलीत राहतात.

जुना कारकून (मडगाव)

मी एका पालिकेत बरीच वर्षे कर विभागात काम केले आहे, म्हणून दोघांनाही थोडे सांगावेसे वाटते. नव्या हद्दीतून घरपट्टी लगेच वाढते हा समज चुकीचा आहे. प्रत्येक घराची नव्याने मोजणी करावी लागते, जुन्या पंचायत नोंदी आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ बसत नाही, निम्मी घरे वारसांच्या नावावर चढलेली नसतात आणि थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे चालतो. कचऱ्याची गाडी मात्र पहिल्याच दिवसापासून पाठवावी लागते. मोजणी होईपर्यंत ही वाढ पालिकेला तोट्याचीच पडते, आणि तो तोटा भरून काढण्यासाठी सफाई कामगार रोजंदारीवर घेतले जातात. सरकारने संक्रमण काळासाठी वेगळे अनुदान दिल्याशिवाय हद्द वाढवणे म्हणजे आहे त्या कामगारांच्या डोक्यावर दुप्पट टोपली ठेवणे आहे.

अंत्रुजकार

पाणी आणि वीज पालिकेच्या हाती नाही, हा आक्षेप मी स्वीकारतो. तो माझ्या मांडणीत यायला हवा होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. पालिकेच्या हाती जे उरते, म्हणजे कचरा, सांडपाणी आणि बांधकामावरचे नियंत्रण, नेमके तेच आज आपल्या सीमेवर बिघडलेले आहे. पणजीला खेटून असलेले ताळगाव पाहा. तिथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले तरी कारभार आजही पंचायतीचाच आहे, आणि एकाच सलग वस्तीचा विचार दोन वेगळ्या कार्यालयांत होतो. सलग वस्तीचा नाला एका कार्यालयाच्या नकाशावर असावा एवढीच माझी मागणी आहे.

ग्रामसभेबद्दल मला आदर आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगा, कुर्टीतल्या सदनिकांमध्ये भाड्याने राहणारी किती कुटुंबे ग्रामसभेला येतात? ज्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा आहे तेच तिथे हजर नसतात.

खांडेपारचा शेजारी

येत नाहीत, हे खरे आहे. ते आले पाहिजेत म्हणून आम्ही झटले पाहिजे. सभेला माणसे कमी येतात म्हणून सभाच काढून टाकावी, हा मार्ग मला मान्य नाही.

नियोजनाचे म्हणाल तर सीमा ओलांडून नकाशा करण्याचा प्रयोग गोव्यात झालेला आहे. २०१८ मध्ये पणजीभोवतीच्या तिसवाडी तालुक्यातील गावे ग्रेटर पणजी नियोजन प्राधिकरणात घातली गेली, लोक रस्त्यावर उतरले आणि गावे वगळावी लागली. त्या लोकांचा नाल्याच्या नकाशाला विरोध नव्हता. नकाशा आला की शेतजमिनीचा रंग बदलतो, म्हणजे तिथे बांधकामाला वाट मिळते, हा त्यांचा अनुभव होता. खांडेपारात अजून वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावरचे भातपीक, होते; कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, आहेत. पालिका आल्यावर पाटाच्या पाण्याची काळजी कोण घेणार?

पुण्यात राहणारा फोंडेकर

मी मूळचा खडपाबांधचा, नोकरीमुळे वीस वर्षे पुण्यात आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली गेली. आमची सोसायटी त्यांपैकीच एका गावात आहे. मिळकतकराची बिले लवकर आली, पण पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही अजूनही टँकरचे पैसे भरतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर अनेक वर्षे पुण्याचा कचरा सोसत होती. ती २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत दोनदा दप्तर हलले. ज्यांच्या इमारतींच्या परवानग्या त्या काळात अडकल्या, त्यांना कोणत्या कार्यालयात जावे हेच कळत नव्हते.

फोंड्याचा आकार याच्या तुलनेत फार लहान आहे आणि म्हणूनच तिथे हे काम नीट होण्याची शक्यता अधिक आहे, असे मला वाटते. मी अंत्रुजकारांच्या बाजूचा आहे. फक्त अट अशी असावी की सेवा पोहोचल्याची नोंद झाल्याशिवाय त्या वाड्यावर (वस्तीवर) पालिकेच्या दराने घरपट्टी लागू नये आणि तोपर्यंत पंचायतीचाच दर राहावा.

बांदोड्याची (मुंडकाराची सून)

सगळ्यांनी कर आणि कचरा यांवर लिहिले, जमिनीवर कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत आहे; असे राहणाऱ्याला मुंडकार म्हणतात. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला आपले घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. त्या कायद्यात पंचायत क्षेत्रातील घरासाठी ३०० चौरस मीटर आणि पंचायत क्षेत्राबाहेरील घरासाठी २०० चौरस मीटर असा फरक आहे. आमचे प्रकरण मामलेदारांकडे अजून निकाली निघालेले नाही. सासरे गेले, आता नवरा तारखांना जातो. उद्या बांदोडा पालिकेत गेला तर आमचा दावा कोणत्या मापाने मोजला जाणार? शंभर चौरस मीटर म्हणजे आमच्यासाठी विहीर, तुळशीवृंदावन आणि मागच्या चार माडांची जागा आहे. शहरात सदनिका विकत घेतलेल्यांना हे माप लहान वाटेल. आमच्या घरात तीन पिढ्या त्यावर राबल्या आहेत.

मी विकासाच्या विरोधात नाही. माझी मुलगी फर्मागुढीला शिकते आणि अंधार पडल्यावर चालत येते. तिला दिवे हवेत, पदपथ हवा, आणि आमच्या वाड्यावर आठवड्यातून दोनदा येणारी कचऱ्याची गाडी रोज यायला हवी. पण हे सारे मिळण्यासाठी आधी गावपण सोडा असे कोणी म्हणत असेल, तर आमच्यासारख्या घरांना त्याची किंमत लेखी सांगितली पाहिजे.

अंत्रुजकार

बाय, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मी या चर्चेतील सर्वांत गंभीर मुद्दा मानतो. प्रलंबित मुंडकार दाव्यांना अर्ज केल्या दिवशीचे माप लागू राहील, हे कायद्यात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय बांदोड्याचा एकही वाडा पालिकेत घेऊ नये, असे मी आता म्हणतो. कुर्टीच्या सलग बांधलेल्या पट्ट्याबद्दल माझे मत कायम आहे. खांडेपारची शेती आणि कुळागरे त्यातून वगळण्यास माझी हरकत नाही, उलट ती वगळलीच पाहिजेत.

जुना कारकून

मग हद्दीपर्यंत जाण्याआधी एक काम करता येईल. दोन्ही संस्थांनी एका नाल्यापुरता आणि एका कचरागाडीपुरता संयुक्त करार करावा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवली होती, त्यामुळे पंचायतींकडे या कामासाठी पैसाच नव्हता असे म्हणता येणार नाही. मडगावात आम्ही हे वेळेवर केले नाही. सोनसोड्यावरच्या कचरा डेपोत कचरा साचत गेला आणि २०१९ च्या मे महिन्यात तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. धूर पालिकेच्या हद्दीत थांबला नाही, राय आणि कुडतरीच्या लोकांनीही तो श्वासातून घेतला.

खांडेपारचा शेजारी

नाल्याच्या कराराला माझा पाठिंबा आहे. पुढच्या ग्रामसभेत मी तसा ठराव लेखी देणार आहे: नाल्याची लांबी, दोन्ही बाजूंच्या घरांची संख्या, उपसण्याचा महिना आणि खर्चाची वाटणी यांसह. अंत्रुजकार बाब, आपल्या बाजूची लांबी आणि घरे मोजून आपण कळवाल का? आमच्या बाजूची मोजणी मी येत्या रविवारी करतो.