जिरेटोप, शिरस्त्राण की नुसताच टोप?

ओसरी:
मुलांच्या एका मासिकासाठी जपानी योद्ध्यांच्या 'काबुतो'वर, म्हणजे लढाईत डोक्यावर घालायच्या टोपावर, लेख लिहितेय. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे 'कावारी काबुतो' म्हणजे तऱ्हेवाईक काबुतोंची लाटच आली होती. कुणाच्या डोक्यावर सशाचे कान, कुणाच्या शंखशिंपला, कुणाच्या हरणाची शिंगं. मी सगळीकडे 'शिरस्त्राण' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'जिरेटोप' केलं आणि समासात लिहिलं, "मुलांना कळेल असं लिहा." आता दाते मासामुने या सरदाराच्या डोक्यावर जिरेटोप म्हटलं की मला त्याच्या काबुतोवरच्या चंद्रकोरीऐवजी मोत्यांचा तुरा दिसायला लागतो. परक्या योद्ध्याला जिरेटोप चालतो का? आणि दुसरा प्रश्न, जास्त अडलाय तो हाच: काबुतोच्या मागे मानेवर आडव्या पट्ट्यांची जी झालर असते, तिला 'शिकोरो' म्हणतात. तिला मराठीत काय म्हणू?

निरुक्त:
संपादक चुकले, पण तुम्ही समजताय त्या कारणाने नाही. जिरे म्हणजे फारसी 'झिरिह', कड्यांचं चिलखत. जिरेटोपाचा मोत्यांशी मुळात काही संबंध नाही. काबुतो कड्यांचा नसतो, लोखंडी पत्रे खिळ्यांनी जोडून केलेली वाटी असते. तेव्हा शिरस्त्राणच. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक अशी रांगच दिली आहे. परिभाषा तयार आहे, फक्त वापरायची.

कडबोळं:
आमची आजी सांगायची की त्यावरचे मोती जिऱ्याएवढे बारीक असत, म्हणून जिरेटोप. फारसी वगैरे तिला माहीत नव्हतं, पण पटायचं.

निरुक्त:
आजींना नमस्कार, पण फोडणीचं जिरं संस्कृत 'जीरक'वरून आलंय. चिलखताचं वेगळं. हिंदीत वकील जी 'जिरह' करतात ती आणखी तिसरी, अरबीतून आलेली. तिघांची फक्त तोंडओळख.

पेठकर:
शिरस्त्राण हा शब्द तुमच्या घरात शेवटचा कोण बोललं ते सांगा. आमच्या शहरात हेल्मेटसक्तीवर इतकी वर्षं भांडणं झाली, मोर्चे निघाले, पण 'शिरस्त्राणसक्ती मागे घ्या' असं कुणी ओरडलेलं मी ऐकलं नाही. 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी देवळाबाहेर दिसते, आणि आपण म्हणतो 'चपला काढा रे'. शिवाय मराठीत त्राण म्हणजे ताकद. तापातून उठलेला माणूस 'अंगात त्राण नाही' म्हणतो. मुलं शिरस्त्राणाचा अर्थ 'डोक्यातली शक्ती' असा लावतील.

ओसरी:
:) तसा लावला तरी बिघडत नाही. पण मला 'त्राण' खटकायला लागलंय ते निराळ्याच कारणाने. या कावारी काबुतोंत डोकं वाचवणारी वाटी आत असते, बहुतेकदा अगदी साधी, मोजक्या पत्र्यांची. बंदुका आल्यावर (पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्ये) आणि सैन्यं हजारोंनी लढायला लागल्यावर बासष्ट पत्रे जोडत बसण्यापेक्षा ती लवकर होई. सगळी कला तिच्या वर. कागदाचा लगदा, चामडं, लाकूड, त्यावर लाखेचं रोगण. होंदा तादाकात्सुची ती दरारा वाटणारी शिंगं कागदाची आहेत, लाखेने रंगवलेली! गोळी अडवायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. उपयोग एवढाच की धुरळ्यात कोण कुठे आहे ते आपल्यालाही दिसावं आणि शत्रूलाही. मग त्या भागाला 'त्राण' कसं म्हणू?

तोक्योकर:
बरोबर. कुरोदा नागामासाचं काबुतो बघा. सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) त्याच्या डोक्यावर होतं ते. वर वाकवलेला एक रुपेरी फळा, बस. ना शिंग ना प्राणी. तो फळा म्हणजे इचिनोतानीचा कडा आहे, ११८४ साली योशित्सुने या सेनापतीने जिथून घोडे खाली घातले तो. म्हणजे माणूस चारशे वर्षांपूर्वीची लढाई डोक्यावर घेऊन लढायला निघालाय. आणि नाओए कानेत्सुगुच्या काबुतोवर समोर भलंमोठं 'आइ' हे अक्षर. आजच्या जपानीत त्याचा अर्थ प्रेम. पण जाणकार म्हणतात की तो आइझेन किंवा आतागो या दैवताच्या नावाचा पहिला वर्ण असावा. पोरं मात्र 'प्रेमवाला सामुराई' म्हणूनच ओळखतात. शब्दांची भांडणं तिकडेही आहेत, काळजी नसावी.

कडबोळं:
कडा डोक्यावर! आमच्याकडे कुणी तानाजीचा कडा फेट्यावर बांधला असता तर?

पेठकर:
बांधतात, फ्लेक्सवर.

निरुक्त:
ओसरीताई, तुमचा मुद्दा मान्य, पण मग जिरेटोपाचा प्रवास नेमका उलटा झालाय हे लक्षात घ्या. नाव संरक्षणाचं, आणि आज आपण ते लावतो मोती-तुऱ्याच्या शोभेच्या टोपाला. प्रतापगडाच्या भेटीची गोष्ट शाळेत ऐकली तीत लोखंडी टोप मंदिलाच्या आत होता. आत त्राण, बाहेर शोभा. जपानी लोकांनी वेगळं काय केलं?

पेठकर:
म्हणजे संपादक बरोबर होते.

निरुक्त:
मी तसं म्हटलेलं नाही.

वेंगुर्ल्याची:
मी गोंधळले आहे. तुम्ही 'टोप' 'टोप' म्हणताय आणि मला भात दिसतोय. आमच्याकडे टोप म्हणजे पातेलं. मुंबईतही. लग्न होऊन नागपूरला गेले, सासूबाईंना म्हटलं "टोप कुठे आहे?" तर त्यांनी कपाटातून मामंजींची कानटोपी काढून दिली. तिकडे पातेल्याला गंज म्हणतात.

कडबोळं:
आणि नाटकवाल्यांकडे टोप म्हणजे केसांचा. भांडं, केस, लोखंड. डोक्यावर पालथं घालता येईल ते सगळं टोप!

निरुक्त:
हसू नका, कालिदासाने हे आधीच केलंय. रघुवंशाच्या सातव्या सर्गात रणभूमी ही मृत्यूची मद्यशाळा झाली आहे: बाणांनी तुटलेली मस्तकं म्हणजे फळं, रक्त म्हणजे मद्य, आणि गळून पडलेली शिरस्त्रं म्हणजे पेले. उलटं पडलेलं शिरस्त्राण वाटीसारखं दिसतं हे त्याने पाहिलं असणार. शब्दही पाहा, 'शिरस्त्र'. ओसरीताई, हा आणखी आटोपशीर आहे.

पेठकर:
मुलांना वाचायला द्यायचंय हो, त्यांची जीभ सोलायची नाहीये.

तोक्योकर:
'काबुतो'च ठेवा की. आपण किमोनोला 'जपानी झगा' म्हणतो का? इथे ५ मेला मुलांच्या सणाला घरोघर छोटं काबुतो मांडतात. माझा मुलगा बालवाडीतून वर्तमानपत्राच्या घडीचं करून आला आणि महिनाभर ते घालूनच जेवला. भाषेतही ते मुरलंय. 'काबुतो उतरवणे' म्हणजे हार मानणे. 'जिंकल्यावर काबुतोची दोरी आवळ' अशी म्हणही आहे. शिंगवाल्या भुंग्याला 'काबुतो किडा' म्हणतात.

वेंगुर्ल्याची:
आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे फसवणे आणि टोपी फिरवणे म्हणजे पक्ष बदलणे. शूरपणाचं काहीच नाही?

ओसरी:
शिकोरो! कुणीतरी शिकोरोकडे या. 'कंठत्राण' नको, ते गळ्याचं, पुढचं. ही मागून आणि बाजूंनी उतरते. 'झालर' म्हटलं तर पाळण्याची वाटते.

निरुक्त:
ग्रीवात्राण. मानेचं ते.

पेठकर:
परत त्राण.

वेंगुर्ल्याची:
मी फोटो पाहिला. हे तर आमच्या घराचं पाखं आहे! कौलांच्या ओळी एकाखाली एक उतरत येतात, शेवटी जरा बाहेर फाकतात. मला तर वळचणच दिसली. डोक्यावरचं पाणी मानेत न जाता बाहेर पडावं, तसा घाव बाहेर पडणार.

तोक्योकर:
अहो, कमाल केलीत. जपानीत छपराच्या एका जुन्या प्रकाराला 'शिकोरो-बुकी' म्हणतात, उतार मध्येच एका पायरीने मोडणारं छप्पर. होर्यू-जी मंदिरातल्या तामामुशी देव्हाऱ्याला तसंच आहे. त्यांनी शिकोरोवरून छपराला नाव दिलं, तुम्ही छपरावरून शिकोरोला देताय.

ओसरी:
'मानेवरची वळचण'. मला भारी आवडलं. पाठवते.

निरुक्त:
वळचण म्हणजे छपराच्या कडेखालची जागा, छपराची कड नव्हे. पाखं म्हणा.

वेंगुर्ल्याची:
आमच्याकडे कडेलाही म्हणतात.

निरुक्त:
म्हणत असतील. बरोबर नाही.

कडबोळं:
यांच्याकडे भातही चुकीच्या भांड्यात शिजतो.

ओसरी:
अंक छापायला गेला. जिरेटोप गेला, शिरस्त्राणही गेलं. संपादकांनी शीर्षकात 'काबुतो' आणि आत सगळीकडे 'हेल्मेट' केलंय. वळचणीचं वाक्य जागेअभावी काढलं.

पेठकर:
आमच्या शहरातले दिसतात.

कडबोळं:
पुण्याहून कोल्हापूरला जाताना, गाव यायच्या जरा आधी हायवेवर 'टोप' अशी पाटी लागते. गावाचंच नाव टोप. ते भांड्यावरून की डोक्यावरून?